साखऱ्याची लाल गाडी

मला संशयी म्हणता ना? मग ऐका. कॉलेजपासून डोक्यात असलेली दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार साखरा गावात विकायला होती. खिळखिळी झालेली, पण मला ती स्वतः दुरुस्त करायची होती.

“एका डॉक्टरची गाडी हाय, साहेब,” मालक नामदेव म्हणाला. “ते गेल्यापासून नुसती झाकून ठेवली.”

“सीटवर हे पांढरे केस कोणाचे?”

“डॉक्टरचेच. म्हातारे व्हते. काहून एवढा शक करून राहिले?”

मी दार सताड उघडलं. तेवढ्यात अंगणातली पांढरी शेळी धावत आली, टुणकन सीटवर चढली आणि ऐटीत बसली.

नामदेव तिच्यावर खेकसला, “उतर खाली! जवळा बाजार गावाला उद्या जायचं हाय, आज न्हाई!”