अंबिकेचं ‘हाय’

…आणि वर मलाच विचारतात, “नाट्यशिक्षण म्हणजे तुम्ही नक्की काय करता हो? नाटक की शिक्षण?” आता काय सांगणार? तुम्हाला सांगतो, नाट्यशास्त्राचा डिप्लोमा केला, गिरगावातली खोली विकून मीरा रोडला आलो, आणि बायकोला, सुचेताला, म्हटलं, बघ, इथे बिल्डिंगागणिक पोरं आहेत आणि नाटकाचा वर्ग एकही नाही, मी इथे बालरंगभूमीची चळवळ उभी करतो. सुचेता म्हणाली, आधी किचनचा नळ दुरुस्त करणारा उभा कर. पण आपण ऐकतोय कुठे… कारण काय, तर नाटकाने मूल घडतं!

शांती नगरात हॉल मागायला गेलो. सेक्रेटरी म्हणाले, हॉल ले लो, लेकिन आवाज नहीं होना चाहिए. नाटकाच्या वर्गात आवाज नको! शेवटी गुणवंतभाईंनी त्यांच्या कोचिंग क्लासची खोली दिली, रविवार सकाळची. अट एकच, बॅनरवर त्यांचं नाव वर, माझं खाली. आणि ‘नाट्य’ हा शब्द कुठे? तो बसला नाही म्हणे. बरं, आईबाप काय विचारणार? सर, टीव्हीवर कधी दिसणार? टीव्हीवर तेव्हा लहान पोरांच्या स्पर्धांचं पेव फुटलेलं, दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट ही. मी आपला समजावतोय, टीव्ही नाही हो, नाटकाने मूल घडतं…

त्या वर्गात अंबिका होती. इथल्याच जुन्या मुर्धा गावची. तिचे वडील दशरथ आधी मिठागरावर होते, ते बंद पडलं, आता गुणवंतभाईंच्याच बिल्डिंगचे वॉचमन. पोर खिडकीपाशी बसायची आणि बोलायची नाही. म्हणजे अक्षर नाही! मी माकड झालो, झाड झालो, जमिनीवर लोळलो, बाकीची पोरं खिदळतायत आणि ही आपली माझ्याकडे बघतेय. महिने गेले. एका रविवारी मी म्हटलं, प्रत्येकाने आपल्या घराबद्दल सांगायचं. आणि ही उठली. मिठाचे ढीग कसे चमकायचे, अनवाणी चाललं की पाय कसे चिरायचे, सगळं सांगितलं तिने, तिच्या बोलीत, न अडखळता. अहो, तुमची शपथ, मी फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले. त्यावरच नाटक बसवलं. म्हटलं, झालं, याच्यासाठी आलो मी इथे.

प्रयोगाला गुणवंतभाई प्रमुख पाहुणे. म्हणजे खुर्चीही त्यांची, माइकही त्यांचाच. पुढे सगळे पालक, मागे दारात युनिफॉर्ममध्ये दशरथ. अंबिका पुढे आली, मोकळ्या आवाजात म्हणाली, “आता मिठागर न्हाय. माझा बाबा वॉचमन हाय.”

आणि गुणवंतभाईंनी हात हलवला, माइकवरून म्हणाले, “हाय बेटा! हॅलो!”

हॉल फुटला. पालक हसून खुर्च्यांवर हात आपटतायत. पोरीला कळेना काय झालं, तिने माझ्याकडे बघितलं, मी विंगेतून खूण केली, पुढे बोल, पुढे बोल… पुढच्या वाक्यातही ‘हाय’ होतं. अख्खा हॉल एका सुरात, “हॅलो!” ती तिथेच उभी राहिली. आणि दारातला दशरथ? सगळे हसले म्हणून तोही हसला.

नंतर गुणवंतभाईंनी मला मिठीच मारली. क्या कॉमेडी बिठायी है, यतीनसर! लगेच ऑफर. रोजचा वर्ग, स्वतंत्र खोली, पंखा. फक्त नाव ‘शुद्ध उच्चार आणि व्यक्तिमत्त्व विकास’. ‘नाट्य’ पुन्हा बसलं नाही. मी म्हटलं, छे, मी चळवळवाला माणूस. सुचेता एवढंच म्हणाली, चळवळीचा रोजचा डबा कोणाच्या पगारातून येतो, माझ्याच ना? गेलो मुकाट्याने. म्हटलं, उच्चार तर उच्चार, नाटकाने मूल घडतं…

आणि पहिल्याच दिवशी दारात कोण? दशरथ, अंबिकेचा हात धरून. म्हणाला, “सर, हिला आसं शिकवा का परत कोन हसनार न्हाय.”

काय करणार? शिकवलं. ‘न’ वेगळा, ‘ण’ वेगळा. ‘हाय’ नाही, ‘आहे’. पोर हुशार, वर्षाच्या आत असं बोलायला लागली की रेडिओवर बातम्या द्याव्यात. मिठागराबद्दल मात्र पुन्हा बोलली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “सर, तो विषय अभ्यासक्रमात नाही.” ‘नाही’ अगदी स्वच्छ!

आता वर्गाला जागा मिळत नाही. लोक म्हणतात, यतीनसरांनी मीरा रोडमध्ये नाव काढलं. परवा अंबिकेची आई आली, आशा. बाजारातून तशीच आलेली, पदराने घाम पुसत उभी. म्हटलं, काय झालं? खाली बघून म्हणाली, “पोरगी घरात माझ्याशी बोलंना. मी तोंड उघडलं का हसते. मला बी शिकवा, माझी फी वेगली घ्याल का?”

घेतलंय हो वर्गात. मायलेकींच्या बॅच तेवढ्या वेगवेगळ्या ठेवल्यात… आई वर्गात असलेली मुलीला आवडत नाही!