कपाच्या जाकिटावरची कानबाई

माझं माहेर लोणखेडा आणि सासर त्याला लागूनच शहादा, म्हणजे काय सांगू बाई तुम्हाला, सासूशी भांडून माहेरी जायची मजा मला कधी मिळालीच नाही, राग उतरायच्या आत मी आईच्या ओट्यावर आणि आईला आधीच सगळं कळलेलं. दहावीपर्यंत शिकले. नवरा तळोद्याहून मोलगीला जीप नेतो, घाटातली लाईन, परत येईपर्यंत जिवाला घोर. पोरगा शाळेत जायला लागला तशी मी भाभींच्या प्रेसमध्ये कामाला लागले, लग्नपत्रिकांना घडी घालायला. तुम्ही हे नातवंडांसाठी लिहून घेताय ना, मग माझं कमी लिहा, भाभींचं जास्त लिहा. बाई मारवाडी घरातली, जैन, राजस्थानातून सून म्हणून आली आणि नवऱ्याची तब्येत ढासळली तशी पदर खोचून छपाईला उभी राहिली. जाळी ताणलेली चौकट कागदावर ठेवायची, शाई ओतायची आणि रबराच्या पट्टीनं एका दमात ओढायची, हात थांबला की डाग पडलाच. भाभींचा हात थांबलेला मी पाहिला नाही.

पण पत्रिका कमी झाल्या. लोक मोबाईलवरच लग्नाचं आमंत्रण पाठवतात, मग छापणार कोण? भाभींचे सासरे, आम्ही त्यांना बापूजी म्हणतो, ते म्हणाले दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर ही खोली माझ्या भाच्याला मोबाईलच्या दुकानासाठी देऊन टाकतो. झालं. भाभींचं एवढंच एक स्वतःचं होतं, ती खोली आणि ते टेबल. माझीही रोजी त्यातच.

त्या वेळेला लोणखेड्याला कॉलेजसमोर निलेशभाऊंनी कॉफीचं दुकान काढलं. कागदी कपात गरम कॉफी, बोटं भाजतात, म्हणून कपाला बाहेरून खाकी पुठ्ठ्याची पट्टी घालतात, स्लीव्ह म्हणतात तिला, आम्ही जाकीट म्हणतो. तुमच्या नातवंडांच्या हातात रोज असेल. निलेशभाऊ म्हणाले, सुरतेहून मागवलं तर फार मोठा गठ्ठा घ्यावा लागतो, भाभी तुम्ही छापता का, माझ्या दुकानाच्या नावाचं? भाभी लगेच हो म्हणाल्या. बापूजी म्हणाले, आता कपाला स्वेटर घालणार का तुम्ही?

आम्ही सरळ पट्टी कापली, चिकटवली, कपावर चढवली, तर ती खाली घसरून टेबलावर. कप वर रुंद, खाली निमुळता, हे आमच्या डोक्यातच नाही. भाभींनी एक कप उकलला, सपाट केला, बघत बसल्या आणि एकदम हसायला लागल्या. रेखा, ही तर घागऱ्याची कळी गं, वर अरुंद खाली घेर, फक्त उलटी धरली! त्यांच्या माहेरी आईनं घागरे शिवलेले, तोच बाक त्यांनी पुठ्ठ्यावर काढला, आणि जाकीट असं बसलं कपावर की हलवलं तरी हलेना.

आता त्यावर काय छापायचं? निलेशभाऊंच्या दुकानाचं नाव कानबाई कॉफी. श्रावणात आमच्या खानदेशात घरोघरी बसते ती कानबाई, नथ घातलेली, डोळे रेखलेली. निलेशभाऊ म्हणाले, माझ्या आईची श्रद्धा शे, देवीचा मुखडाच छापा. आम्ही छापला. काय देखणा आला बाई! मी पहिल्या जाकिटाला हात जोडले, भाभींनीही जोडले. बापूजीसुद्धा म्हणाले, चांगलं आहे. कॉफी पिऊन झाल्यावर ते जाकीट कुठं जाणार, हा विचार कुणाच्या मनाला शिवला नाही.

आठवडा झाला नसेल, निलेशभाऊ प्रेसच्या दारात. भाभी, काय करी ठेवं तुम्ही! पोरं कॉफी पितात, कप फेकतात, पण जाकीट कुणी टाकत नाही. देवीला कचऱ्यात कसं टाकायचं? कुणी गल्ल्यावर ठेवतंय, कुणी खिडकीत, कुणी बाहेरच्या पिंपळाच्या फांदीला अडकवतंय. झाडणारी मावशी म्हणते मी झाडू लावणार नाही. आणि एका पोराकडून खाली पडलं, त्यावर दुसऱ्याचा पाय पडला, तर त्यांची हाणामारी व्हायची वेळ. उरलेला गठ्ठा परत घ्या, मला नको.

बापूजी बाहेरच्या खोलीत बसलेले, म्हणाले, ऐकलं ना सूनबाई? भाच्याला फोन लावू का?

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, मुखडा तुम्हीच सांगितला होता. भाभींनी गठ्ठा उतरवून घेतला. मला म्हणाल्या, रेखा, तुमच्यात अशा वेळी काय करतात ते सांग, तसंच करू. मी म्हटलं, पाण्यात. मग घरच्या घंगाळात स्वच्छ पाणी घेऊन सगळी जाकिटं भिजवली, लगदा झाला, तो आंब्याच्या मुळाशी घातला. जैन घरची बाई, अनवाणी उभी राहून माझ्याबरोबर करत होती.

मग भाभी दुपारभर कॉफीच्या दुकानात जाऊन बसल्या. लोक तो गरम कप हातात घेऊन करतात काय, एवढंच बघत. आल्या आणि विचारलं, रेखा, घरी पोराला गरम चहा देताना तू काय म्हणतेस? मी म्हटलं, काय म्हणणार, गरम शे भो, दमाने पी. भाभी म्हणाल्या, हेच छापायचं.

निलेशभाऊ तर घाबरलेच. कॉलेजची पोरं आहेत, इंग्रजी पाहिजे, आपली अहिराणी पाहून हसतील ना. भाभी म्हणाल्या, हसू दे ना. ज्याला हसलं ते कचऱ्यात टाकायला कुणी घाबरत नाही.

आणि हसले बाई, काय हसले! एकमेकांना वाचून दाखवायचे, फोटो काढायचे, पिऊन झालं की कपासकट टोपलीत. मोलगीकडची एक मुलगी त्या कॉलेजात शिकते, ती प्रेसमध्ये आली आणि म्हणाली, आमच्या बोलीत का नाही? भाभींनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि तिच्याकडून लिहून घेतलं, भिलीतलं, आणि तेही छापलं. तिनं ते पहिलं जाकीट आईला दाखवायला घरी नेलं.

दिवाळी आली. बापूजी भाच्याविषयी बोललेच नाहीत. फक्त एक दिवस तळोद्याच्या त्यांच्या मिठाईवाल्या मित्राला घेऊन आले आणि म्हणाले, सूनबाई, यांच्या दुधाच्या कपांनाही स्वेटर पाहिजेत. भाभी पदराआड हसल्या.

आता रबराची पट्टी मीही ओढते. बापूजी दारात खुर्ची टाकून बसतात आणि नवीन गिऱ्हाईक आलं की आधी तेच विचारतात, जे छापाल ते लोकांच्या पायाखाली येणार, चालेल ना? परवा एक पुढारी आला होता, वाढदिवसाला स्वतःचा फोटो पाहिजे होता जाकिटावर. बापूजींनी त्याला विचारलं. त्यानं फोटो परत खिशात घातला आणि म्हणाला, फक्त शुभेच्छा छापा.

माझं काय, चाललंय चांगलं. भाभी दमतात आता, पण टेबल सोडत नाहीत. त्यांना माझंही आयुष्य लागो, आणि ती खोली त्यांचीच राहो.