फुलबॅक विद्याधर केळकर

शुभावहिनी, मुग्धा, आणि ऑफिसातून तसेच थेट इथे आलेल्या मित्रांनो,

आज बोलायला मी उभा राहिलोय. विद्याधर असता तर म्हणाला असता, "माधव, तू बस, मी बोलतो." आणि त्याने लगेच इटलीचा फुलबॅक काढला असता. हसा, हसा. वहिनीही हसतायत.

नवीन मंडळींसाठी सांगतो. विद्याधरच्या प्लांटवर ब्रुनो नावाचा इटालियन इंजिनियर होता. त्याचे पणजोबा शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तिकडे फुटबॉलमध्ये फुलबॅक, म्हणजे गोल राखणारे डिफेंडर होते. सकाळी बेकरीत पाव भाजायचे, दुपारी डोक्याला रुमाल बांधून मैदानात. देशाकडून एकच सामना मिळाला. मग पहिल्या महायुद्धात पाय अधू झाला. तरी परत येऊन खेळले. पळता येईना, म्हणून बॉल कुठे येणार ते ओळखून आधीच तिथे जाऊन उभे राहायचे. उभ्या आयुष्यात एकच गोल केला. तोही स्वतःच्याच टीमवर!

ही कारकीर्द आपण कुठे ऐकली नाही? सत्यनारायणाला ऐकली. बारशाला ऐकली. इथे लुसैलच्या ट्राममध्ये एका अनोळखी मल्याळी गृहस्थाला हा हिंदीतून ऐकवत होता. तो बिचारा आपल्या स्टेशनच्या आधीच उतरून गेला.

आणि वर्ल्ड कप इथे आखातात, आपल्या दारात आला, तर इटली पात्रच ठरली नाही! विद्याधर जेवेना. वहिनी म्हणाल्या, "अहो, सुतक धरलंय का?" हा म्हणाला, "थट्टा नको. घरात लग्न आणि सख्खा भाऊच येत नाहीये."

मग गेल्या महिन्यात समैस्माच्या किनाऱ्यावर आपला सामना झाला. म्हातारे विरुद्ध तरुण. रेफरी मी. विद्याधर डोक्याला रुमाल बांधून वाळूत खांबासारखा उभा. समोरच्या टीममध्ये मुग्धा. बापाने मराठीत विचारायचं, लेकीने इंग्रजीत उत्तर द्यायचं, ही त्या घरची रीत. हल्ली तर तेही कमी झालं होतं. मला म्हणायचा, "पोरगी बोलतच नाही रे माझ्याशी."

शेवटची मिनिटं. मुग्धा सगळ्यांना चकवत आली. समोर फक्त बाप. आपल्याला वाटलं, सोडेल. कसला सोडतोय! पाय घातला, बॉल काढला, पोरगी वाळूत आडवी.

"बाबा, दॅट्स अ फाउल!"

"मराठीत भांड, मग बघू."

आणि मुग्धा भांडली. अहो, काय भांडली! "बॉल माझी होती! पाय तुझी मध्ये आली! तू नेहमी असंच करते!" विद्याधर कमरेवर हात ठेवून ऐकत होता. चेहरा असा, की वर्ल्ड कप ह्यालाच मिळालाय. मी घाबरून शिट्टी फुंकली. "खलास! मॅच संपली!" मॅच संपली, भांडण नाही. वहिनी सांगतात, ते रोज चालायचं. जेवताना, गाडीत, फोनवर. परवा सकाळी तो गेला, त्याच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा.

काल मुग्धाने मला विचारलं, "माधवकाका, रेफरी तू होता. खरं सांग. फाउल होता ना?"

काल मी विषय बदलला. आज सगळ्यांदेखत सांगतो.

नव्हता, बाळा. त्याने फक्त बॉल काढला. अगदी स्वच्छ.

चला, उभे राहूया. काही न बोलता, त्याच्यासाठी.