झाकणाचं भोक

इंजिन तापतंय, असं मी वकीलसाहेबांना छातीठोकपणे सांगितलं, तिथंच माझी ड्रायव्हरकी फसली बघा. साहेबांनी मुंबईला शर्यतीची जुनी मोटार घेतली आणि पडावातून, म्हणजे मालाच्या शिडाच्या गलबतातून, रेवसला उतरवली. अकराला अलिबागच्या कोर्टात उभं राहायचं होतं, आणि गाडी दर दोन मैलांवर बंद! मी लागेल त्या विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये ओतायचो. दहा मिनिटं थांबलं की सुरू व्हायची, पुन्हा बंद. चौथ्या खेपेला पेट्रोल किती उरलंय ते बघायला टाकीचं झाकण फिरवलं, तर फुस्सकन हवा आत शिरली आणि गाडी लगेच सुरू झाली. बघतो तर झाकणाचं हवेचं बारीक भोक कुणीतरी होड्यांच्या फटी बुजवायच्या राळेनं बुजवलेलं; टाकीत हवा जाईना, म्हणून पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नव्हतं.

कोर्टाची वेळ गेलीच. संध्याकाळी रेवसला जाऊन मी पडावाच्या तांडेलाला धरलं.

"भोक तू बुजवलंस?"

"व्हय. खारं पानी शिरलं असतं ना आत."

"अरे, त्या भोकातून गाडी श्वास घेते! तुझ्यापायी तीन विहिरी उपसल्या मी तिच्यासाठी."

तांडेल शांतपणे म्हणाला, "श्वास कोंडला व्हता, मंग तू पानी कशाला पाजत बसलास?"