मी विडी सोडली, असं सगळे म्हणतात

नाही, पण मला सांगा, माणसाने मान हलवली तर तो गुन्हा होतो का हो? नंदीबैल तर त्याच्यावर पोट भरतो, त्याला कोणी काही म्हणतं? आणि मी एकदा, फक्त एकदा, पंचायतीच्या हॉलमध्ये बसून मान हलवली, तर आज सुर्ल्यात, आमच्याच गावात, तोंड दाखवायला जागा नाही!

त्याचं झालं असं. खाणी जोरात होत्या तेव्हा हा शिवदास, म्हणजे मी, ट्रकवर ड्रायव्हर. खेपेमागे एक विडी, ठरलेलं. मग खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, विडी तेवढी राहिली. आमच्या वाड्यावर सगळ्यांचंच तसं. साठी उलटलेली, काम नाही, सरकार महिन्याला देईल ते खायचं, आणि त्यातून आधी विडीचं बंडल, मग औषध… तेही खोकल्याचंच! म्हणून आरोग्य केंद्रातल्या गौरवी सिस्टरनी दर मंगळवारी दुपारी आम्हा म्हाताऱ्यांना बोलवायला सुरुवात केली. विडी सोडायला. पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमच्यात कोणी आधीच सोडलीय का?" आणि आमची बायको, शेवंती, ताडकन उभी! "आमच्या ह्यांनी सोडली! चवथीपासून!"

आता तुम्हाला सांगतो, चवथीला गणपतीसमोर मी 'सोडतो' म्हटलं होतं, हे खरं. सोडलीसुद्धा. विसर्जनापर्यंत! पण आमचा गणपती दीड दिवसाचा, त्याला मी काय करू? पुढचं शेवंतीला ठाऊक नव्हतं. पुढचं सगळं काजूच्या बागेत, पंपाच्या खोलीमागे. तर सिस्टर माझ्याकडे बघतायत, शेवंती माझ्याकडे बघतेय, आणि तिच्या तोंडावर असं तेज, असं तेज… लग्नात नव्हतं हो! मी खोटं बोललो नाही. मी नुसती मान हलवली!

झालं. टाळ्या! "शिवदासभाऊ, आता तुम्हीच आमचे पुढारी." सिस्टरनी सगळ्यांना ते औषधी च्युइंगम वाटलं, फुकट. फुकट खरं, पण चावायचं कशाने? आमच्या शंभूकडे दात अडीच! त्याने ते सुपारीसारखं गालात धरलं आणि विसरून सकाळी चहाबरोबर गिळलं. मग काय, सगळे माझ्या दारात. कारण माझी सुटली होती ना, च्युइंगमशिवाय!

त्यात पांडुरंग. हा मूळचा सावंतवाडीकडचा, खाणीवर हमालीला आला तो इथलाच झाला. पस्तीस वर्षांचा माझा मित्र. छाती अशी वाजायची की तो येण्याआधी त्याची छाती यायची. घाटी चढताना दोनदा बसायचा. सकाळी सहाला हा हजर. "शिवदासा, उठल्यार विडी नाय तर पोट साफ कसा होता रे?" आता मला काय ठाऊक? मी तर काजूच्या बागेतूनच, ओढून आलेलो! पण तोंडाला येईल ते सांगितलं, "कोमट पाणी पी, आणि आंब्यापर्यंत तीन फेऱ्या मार." दुसऱ्या दिवशी हसत आला. "झाला!" मग विचारतो, "चाय घेतल्यावर काय करू?" म्हटलं, उंड्याचा, पावाचा, कडक पापुद्रा घे नि विडी संपायला लागते तेवढा वेळ चघळ. "आणि हाताक काय देव?" हाताला? माझ्या नजरेसमोर अबोली होती. म्हटलं, वळेसर कर, बायकोला गजरा! आणि हा माणूस, ज्याने जन्मभर खनिजाच्या पाट्या उचलल्या, तो पायरीवर बसून अबोलीचे वळेसर करायला लागला. त्याची सुशीला रोज केसांत फुलं माळून विहिरीवर! बायका हसायच्या, ती लाजायची.

आणि मी? मी उपाय सांगून थकायचो आणि थकवा घालवायला काजूच्या बागेत जायचो. गिळवत नव्हता हो तो धूर. ओढायचो मात्र शेवटपर्यंत.

एकदा ठरवलं, पुरे, सांगून टाकायचं. गेलो पांडुरंगाच्या घरी. तो नव्हता, सुशीला होती. "भावजी, बसा," म्हणाली. "तुमका एक सांगू? धा वर्सां हे भिंतीक टेकून बसान झोपत. आता आडवे होवन झोपतत. मी उठान बघतंय, श्वास चलता मां…" आणि पदर डोळ्याला. "तुमी नसता तर काय झाला असता?" आता मला सांगा, अशा बाईपुढे काय बोलणार? मी नुसती मान हलवली! बाहेर पडलो, आणि चूक कबूल करायला गेलेला माणूस वाटेत दोन विड्या जास्त ओढून घरी आला.

तीन महिन्यांनी सिस्टरनी यंत्र आणलं. त्यात फुंकायचं, धूर ओढत असाल तर आकडा वर जातो. पांडुरंगाने फुंकलं, दोन! शंभूने फुंकलं, निम्मी हवा दातांच्या फटीतून गेली, तरी तीन! "आता आमचे पुढारी!" मी म्हटलं, मला सर्दी आहे. शेवंती म्हणाली, "कुठे आहे?" फुंकलं. एकवीस.

सिस्टर यंत्र झटकून बघतात. "बिघडलं वाटतं." पळवाट समोर होती, नुसती मान हलवायची होती! पण शेवंतीचं तोंड बघितलं… आणि नाही हलली हो. म्हटलं, "यंत्र बरोबर आहे. विसर्जनानंतर मी एक दिवसही सोडलेली नाही. तुम्हाला सांगितलेलं सगळं माझ्या मनचं." खाली बघून बसलो. शेवंती माझ्या शेजारून उठून मागच्या रांगेत गेली. ते लागलं. आकड्यापेक्षा लागलं.

तेवढ्यात पांडुरंग म्हणतो, "आमका म्हायत होता."

"कसं?"

"अरे, विडी सुटली तशी नाकां उघडली आमची! म्हयनोभर तुझो वास येता. तू वाटेच्या वळणार असतंस, तेव्हाच शंभू सांगता, पुढारी इलो!"

"मग बोलला का नाहीस?"

"पयल्या दिसा राग इलो. गाड्यार गेलंय, विडी घेतलंय, तोंडात घातलंय. मगे म्हटलंय, तो खोटो म्हणान माझी छाती खोटी काय? फेकून दिलंय. आणि तुका बोललंय असतंय तर तू लाजान येवचो बंद झालो असतस. वळेसराचा कोण सांगतलो?"

मी रडलो. सांगायला लाज कसली.

आता पंधरा दिवस झाले, माझीच सुटका चालू आहे. शेवंती कामापुरतं बोलते. सकाळी पांडुरंग दारात, कोमट पाणी देतो, आंब्यापर्यंत फेऱ्या मारायला लावतो, उंडा चघळवतो, अबोली निवडून मांडीवर टाकतो. सगळे उपाय माझेच, एकेक करून माझ्यावर! त्याला लागू पडले, शंभूला पडले, आणि मी मात्र दिवसभर तडफडतोय.

तडफडणारच हो! औषध लागायला वैद्यावर विश्वास लागतो, आणि माझा वैद्य किती खोटारडा आहे, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक?