कुमुदची रेस्ट

मंडळी, सन एकोणीसशे त्रेसष्ट, आषाढ महिना, गाव पेण. आधी मला सांगा, विश्रांतीचा अधिकार कुणाचा? दमलेल्याचा? किती भोळी हो तुम्ही!

पेणच्या दिघ्यांची सून कुमुद. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सारं संपलं. तिसऱ्या खेपेला डॉक्टर तिच्या सासूला, अन्नपूर्णाबाईंना, बजावून गेले — मूल हवं असेल तर हिला पूर्ण रेस्ट द्या.

रेस्ट! आता हा साहेबाचा शब्द घरात ठेवायचा कुठे? नवरा शशिकांत कचेरीत इंग्रजी अर्ज लिहिणारा. त्याने अर्थ लावला — उभ्याने काम करायचं नाही. झालं! सासूबाईंनी पाट मांडला. बसल्या बसल्या तांदूळ निवड, बसल्या बसल्या वाती वळ. मसालाही पाट्यावर बसूनच वाटतात, मग तीही रेस्टच! शेजारणी यायच्या, जपून राहा म्हणायच्या आणि जाताना आपलंही सूप तिच्यापुढे सरकवायच्या. अशी रेस्ट अख्ख्या आळीत कुणाला मिळाली नव्हती.

पंधराव्या दिवशी कुमुदच्या कमरेत कळ आली. सासूबाई म्हणाल्या, बसून बसून आली असेल.

दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी — देवाला निजवायचा दिवस. सासूबाईंनी देव्हाऱ्यात मऊ गादी घातली, विष्णूची मूर्ती आडवी केली, वर शाल पांघरली. म्हणाल्या, आता चार महिने यांना त्रास द्यायचा नाही. कुमुद समोरच बसून पारण्यासाठी मोडाचे वाल सोलत होती. कळ पुन्हा आली. तिनं शांतपणे विचारलं,

"आई, देव नुसते पडूनच आहेत, तर थोडे वाल देऊ का त्यांच्या हाती?"

"अगं, ते झोपलेत."

"मग मीही झोपते," ती म्हणाली, आणि देव्हाऱ्यासमोर जमिनीवरच आडवी झाली.

आता उठवणार कशी? देवासमोर! सासूबाईंनी स्वतःची चादर आणून सुनेच्या अंगावर घातली आणि वालांचं ताट आपल्यापुढे ओढलं.

पौषात कुमुदला मुलगी झाली. ती पुढे शाळेची मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. 'मीच हो सुनेला रेस्ट दिली,' असं अन्नपूर्णाबाई मरेपर्यंत सांगत होत्या. कुमुद ब्याऐंशी वर्षं जगली. आणि शशिकांत? ते पेन्शनीत निघाले त्या दिवसापासून आरामखुर्चीत. त्यांना मात्र त्या शब्दाचा अर्थ समजावून द्यावा लागला नाही.

हसलात, पुरुष मंडळी? हसा. आता कीर्तन ऐकून दमून घरी जाल आणि चहा मागाल. मागण्याआधी एवढंच बघा — ती बसली तरी आहे का?