सीटखालचा स्विच

हरेश : ...बॅटरी पार बसली होती, काकी. चार्ज केलीय आता. जुनं पेट्रोल काढून नवं टाकलं. बसा वर. ब्रेक पूर्ण दाबा आणि चावी फिरवा.

रंभा : फिरवली. काय पन आवाज नाय.

हरेश : पातं फिरवायचा दांडा खालीच आहे ना?

रंभा : खालीच हाय. मघाशी तूच दाखवलास ना? आता कसं रं करू? परवा या लॉनवर लगीन हाय. शेट बोलला, गवत कापायची गाडी चालवता आली तर श्रीपतची नोकरी तुला, मागची खोलीबी तुझी. नाय तर तो बाहेरून माळी आननार. आर्याची धाव्वी तोंडावर आली. पोरीला घेऊन जाऊ कुठं?

हरेश : सुधाकरशेटपण ना! श्रीपतकाकांना जाऊन दोन महिने नाही झाले, तर लागला मागे. उतरा, मी बसून बघतो... हे घ्या! एका फटक्यात चालू!

रंभा : अगो बाय! मंग मनाच काय झालं? सरक, परत बसते. ...बघ, गप. मना ओळखीत नाय ही. यांच्या हाताची सवय तिला.

हरेश : मशीनला कसली ओळख? थांबा, सीट उचलू द्या. हां, हे बघा. सीटखाली हा स्विच आहे. माणूस बसला की दाबला जातो, तेव्हाच इंजिन चालू होतं. चालवता चालवता माणूस खाली पडला तर पातं तिथल्या तिथे थांबावं, म्हणून ठेवलाय. खाऱ्या हवेनं याची स्प्रिंग गंजून कडक झालीय. माझ्या वजनाला दबते, तुमच्या नाही. किती वजन तुमचं?

रंभा : दवाखान्यात चाळीस बोललेले.

हरेश : मग बरोबर. पण मला एक समजत नाही. काका पण तुमच्याएवढेच उरले होते. दिवाळीला आलो तेव्हा मी ओळखलंच नाही त्यांना. तरी नंतर महिनाभर हीच गाडी चालवली ना त्यांनी?

रंभा : रोज चालवली. मंग एक दिस बोलले, बिघडली. शेट लय तडकला. हरेशला बोलवतो बोलला, तर हे नको नको करायला लागले. मीच करतो बोलले. केलं काय नाय. विळा घेतला आनि उकिडवं बसून कापत राहिले. आठ दिस. नवव्या दिशी तिथंच आडवे झाले.

हरेश : ही बिघडली नव्हती, काकी. मी आलो असतो तर शेटसमोर बोलून गेलो असतो, काका, तुमचं वजन कमी पडतंय म्हणून. त्यांना तेच नको असणार. आजार कळला असता तर खोली गेली असती.

रंभा : हरेश, मना सांग. आठ-दहा किलोनं फरक पडतो?

हरेश : चिकार पडतो. मांडीवर काहीतरी ठेवलं तरी चालतं. का ओ?

रंभा : पिशवी व्हती एक.

हरेश : कसली पिशवी?

रंभा : माझा भाऊ हाय ना जयराम, पाचूबंदरला, होडीवाला. दिवाळीनंतर हे त्याच्याकडं गेले आनि जाळ्याला लावायचं शिसं घेऊन आले, पिशवी भरून. रोज ती उचलून कामाला न्यायचे. मी इचारलं, एवढं जड काय? तर बोलले, हत्यारं हायत.

हरेश : मग ती पिशवी...

रंभा : मीच विकली. एक दिस ताप आला म्हनून हे घरी व्हते, झोपलेले. खाटेखाली झाडू मारताना सापडली. उघडून बघते तं शिसं! म्हटलं, माळ्याच्या घरात जाळ्याचं शिसं कशाला? भंगारवाला दारात व्हता, दिलं त्याला.

हरेश : तुम्हाला काय माहीत होतं, काकी.

रंभा : त्या पैशाची अंडी आनली रे मी. डझनभर. हाडं दिसायला लागलेली यांची, म्हटलं अंगावर थोडं मास चढंल. दोन अंडी उकडून दिली, ती खाल्ली. सकाळी खाटेखाली हात घालून शोधतायत. मी बोलले, ते व्हय, ते दिलं भंगारात. माझ्याकडं बघितलं आनि बोलले, बरं केलंस. विळ्याला धार लावली आनि गेले.

हरेश : ओरडले पण नाहीत?

रंभा : ओरडले असते तं बरं झालं असतं. मना कळलं तरी असतं.

हरेश : घ्या, पाणी प्या. ...काकी, हे बघा, स्विचच्या दोन तारा एकत्र जोडून देऊ का? वजनाची भानगडच नको. पण मग तुम्ही पडलात तर पातं थांबणार नाही.

रंभा : नको रं बाबा. आर्याला आता मीच हाय.

हरेश : मग संध्याकाळी कामणहून नवा स्विच आणून बसवतो. तुमच्या वजनाला आरामात दबेल. शेटला आता चालवून दाखवायचीय ना? तोवर गेटजवळचे दोन पेव्हर ब्लॉक देतो. घ्या मांडीवर. पदर नीट खोचा. जड होतंय?

रंभा : होतंय. यांनी महिनाभर घेतलं ना?

हरेश : फिरवा चावी. ...अरे वा! झाली चालू! बघा, येतं तुम्हाला. आता ब्रेकवरचा पाय हळूहळू सोडा. त्या आंब्याच्या कडेपासून सुरुवात करा, तिथे गवत आखूड आहे, हात बसेल.

रंभा : तिथलं नको.

हरेश : का?

रंभा : ते यांनी विळ्यानं कापलेलं हाय. आजच्या दिस राहू दे तेवढं.